भावाचं आडनाव, दुसऱ्याचा आवाज: 'ओके कॉनरी' या फसलेल्या हेरपटाकडे इतिहास म्हणून कसं बघायचं?

मागच्या सेमिस्टरला विभागात माझं प्रेझेंटेशन होतं. विषय १९६० च्या दशकातले युरोपीय हेरपट. मी एका सिनेमाचा शेवट दाखवला. खलनायकांच्या संघटनेकडे चुंबकीय लहरींचं एक यंत्र आहे. ते सुरू झालं की जगातली सगळी यंत्रं बंद पडतात, बंदुकाही चालत नाहीत. मग नायक काय करतो? धनुष्यबाण घेतो. त्याची माणसंही धनुष्यबाण घेतात आणि एका अत्याधुनिक भुयारी अड्ड्यावर हल्ला चढवतात. सगळ्यांचे चेहरे अत्यंत गंभीर. वर्ग खो खो हसला, मीही हसले. आवाज थोडा कमी झाल्यावर आमच्या मॅडमनी विचारलं, "हसून झालं असेल तर सांग, आपण आत्ता नक्की कोणाला हसलो?"

उत्तर देता आलं नाही. "सिनेमा वाईट आहे म्हणून हसलो" हे उत्तर नाही हे मला बोलता बोलताच कळलं. वाईट सिनेमे तर ढिगानं असतात आणि बहुतेकांना आपल्याला हसू येत नाही, जांभई येते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या मागे आहेत आणि "असला हलकाफुलका विषय कमिटीसमोर टिकेल का?" असं विचारत असतात. म्हणून या एका सिनेमाचं मी काय केलं, कुठे घसरले, ते सविस्तर लिहिते आहे.

सिनेमाचं नाव 'ओके कॉनरी'. इटलीत एप्रिल १९६७ मध्ये प्रदर्शित झाला, दिग्दर्शक अल्बेर्तो दे मार्तिनो, निर्माता दारिओ साबातेल्लो. अमेरिकेत त्याच वर्षी 'ऑपरेशन किड ब्रदर' या नावानं आला आणि नंतर टीव्हीवर 'ऑपरेशन डबल ००७' झाला. नायकाच्या भूमिकेत नील कॉनरी. हो, शॉन कॉनरीचा सख्खा धाकटा भाऊ. एडिंबरोत भिंतींना प्लास्टर करण्याचं काम करणारा, अभिनयाशी काडीचाही संबंध नसलेला माणूस.

आता कथा ऐका. ब्रिटिश गुप्तचर खात्याचा सर्वोत्तम हेर उपलब्ध नाही, म्हणून खातं त्याच्या भावाला बोलावतं. हा भाऊ म्हणजे डॉ. नील कॉनरी: प्लास्टिक सर्जन, संमोहनतज्ज्ञ आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखणारा. (प्लास्टर करणाऱ्या माणसाला प्लास्टिक सर्जन केलं, यात कोणाला तरी गंमत वाटली असावी असा माझा संशय आहे.) समोर 'थॅनाटोस' नावाची गुन्हेगारी संघटना. मोरोक्कोत तिचा एक कारखाना आहे. तिथे आंधळे कामगार किरणोत्सारी धाग्यांचं विणकाम करतात, आणि आपल्या हातात काय आहे हे त्यांना माहीत नसतं. नायक आंधळा बनून त्या कारखान्यात शिरतो. सगळं असंच पुढे चालतं आणि शेवटी धनुष्यबाण.

एवढं वाचून "विडंबन असणार" असं वाटेल. माझी पहिली चूक तीच होती. सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात मी त्याला सरळ 'बाँडपटाचं विडंबन' म्हटलं होतं. पण विडंबन तेव्हा इटलीत वेगळं, राजरोस बनत होतं. १९६५ मध्ये लांदो बुत्सांकाचा 'जेम्स टाँट' आला. फ्रांको आणि चिच्चो या विनोदी जोडीनं 'गोल्डफिंगर'ची टर उडवून 'गोल्डजिंजर' केला. हे सिनेमे प्रेक्षकाला पोस्टरवरच सांगतात की हसायला या. 'ओके कॉनरी' तसं सांगत नाही. त्याच्यात अधूनमधून डोळा मारणं आहे, पण पाठलाग, मारामाऱ्या, प्रेम आणि जगावरचं संकट हे सगळं त्याला खरंच उभं करायचं आहे. ते उभं राहत नाही, आणि हसू येतं ते तिथे.

सुसान सोंटागचा १९६४ चा 'कॅम्प'वरचा निबंध बहुतेकांनी एम.ए.ला वाचला असेल. शुद्ध कॅम्प हा नकळत घडतो, तो गंभीर असतो आणि त्याचं गांभीर्य फसलेलं असतं, असं त्यातलं एक महत्त्वाचं म्हणणं आहे. याचा पडताळा घ्यायला १९६७ सारखं वर्ष नाही. त्या एका वर्षात तीन 'बाँड' पडद्यावर आले. एक अधिकृत, 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'. दुसरा 'कसिनो रोयाल'. त्याचे हक्क चार्ल्स फेल्डमनकडे वेगळे होते, त्यामुळे त्यानं पाच दिग्दर्शक आणि नामवंतांची रांग लावून जाणूनबुजून विनोदी बाँड केला. आणि तिसरा आपला नील. मी तिन्ही लागोपाठ पाहिले. फेल्डमनचा सिनेमा विनोदी व्हायला इतका धडपडतो की बघणारा थकतो. नीलचा सिनेमा अजिबात धडपडत नाही.

पण ही झाली सौंदर्यशास्त्राची बाजू. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. मला विचारायचं आहे की हा सिनेमा असा का झाला? आणि इथून पुढे तो मला थोडा कमी विनोदी वाटायला लागला.

आधी उद्योग समजून घेऊ. इटालियन सिनेउद्योगात तेव्हा 'फिलोने' नावाची पद्धत होती. शब्दाचा अर्थ खाणीतली शीर. एखादा सिनेमा चालला की त्या शिरेवर सगळे तुटून पडायचे आणि ती संपेपर्यंत उपसायचे. १९५८ च्या 'हर्क्युलिस'नंतर पिळदार शरीरांचे पौराणिक सिनेमे आले. १९६४ मध्ये सेर्जिओ लेओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला आणि मग वेस्टर्न. आणि 'डॉ. नो', 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 'गोल्डफिंगर' यांनी पैशांचा पाऊस पाडल्यावर हेर. एजंट ०७७, एजंट ००८, एजंट ३एस३... आकड्यांची नुसती लॉटरी. तेच दिग्दर्शक, तेच कॅमेरामन, तेच स्टंटवाले एका शिरेतून दुसऱ्या शिरेत जायचे. म्हणजे कालचा हर्क्युलिस आज सूट घालून मोटारीत बसलेला दिसायचा.

हे सिनेमे कोण बघायचं? इथे ख्रिस्तोफर वॅगस्टाफ यांचा इटालियन वेस्टर्नवरचा १९९२ चा लेख जरूर वाचा. इटलीत थिएटरांची उतरंड होती: पहिल्या प्रदर्शनाची शहरी थिएटरं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या प्रदर्शनाची. तिसऱ्या दर्जाच्या, छोट्या गावातल्या थिएटरात लोक विशिष्ट सिनेमा बघायला येत नसत. रात्रीचा वेळ घालवायला, चार ओळखीचे भेटावेत म्हणून येत. गप्पा चालू, येणं-जाणं चालू. वॅगस्टाफ यांचं म्हणणं असं की हे सिनेमे अशा प्रेक्षकासाठी बांधलेले होते: मध्ये मध्ये मारामारी, हशा किंवा एखादं आकर्षक दृश्य, म्हणजे गप्पा थांबून मान पडद्याकडे वळेल. त्या दोन क्षणांच्या मध्ये कथेला तर्क आहे की नाही, याची फारशी पडलेली नाही.

हे वाचल्यावर मी 'ओके कॉनरी' पुन्हा पाहिला, यावेळी हातात घड्याळ घेऊन. 'कथेत भोकं' म्हणून मी ज्याची यादी केली होती, त्यातला बराचसा भाग या मधल्या जागांमध्ये पडत होता. तुम्ही आणि मी हा सिनेमा लॅपटॉपवर, हेडफोन लावून, एकटे, सलग बघतो. गाणी-भजनांच्या बारीला बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत ऐकायची गोष्ट, आपण परीक्षेच्या पेपरासारखी तपासतो. त्यातून जे हसू येतं त्यातलं थोडं तरी आपल्या बसण्याच्या पद्धतीतून येतं.

आता सगळ्यात मजेशीर भाग, श्रेयनामावली. खलनायक बीटाच्या भूमिकेत अदोल्फो चेली, म्हणजे 'थंडरबॉल'मधला लार्गो. नायिका दानिएला बियांकी, म्हणजे 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधली तात्याना. नायकाचा वरिष्ठ बर्नार्ड ली, म्हणजे बाँडपटांतला 'एम'. त्याच्यासोबत लोइस मॅक्सवेल, म्हणजे मिस मनीपेनी. थॅनाटोसचा आल्फा अँथनी डॉसन, म्हणजे 'डॉ. नो'मधला प्रोफेसर डेंट, आणि पुढे दोन बाँडपटांत मांजर कुरवाळणारे जे हात दिसतात ते ब्लोफेल्डचे हातही त्याचेच. संगीत एनिओ मोरिकोने आणि ब्रुनो निकोलाई यांचं, तेही 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' इटलीत झळकल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी. आणि अमेरिकेतला वितरक युनायटेड आर्टिस्ट्स, जो खऱ्या बाँडपटांचाही वितरक होता. म्हणजे नक्कल आणि अस्सल एकाच दुकानात, शेजारशेजारच्या फळ्यांवर.

इथे डॉसनवरून एक धोक्याची सूचना. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओ मार्गेरीती हा 'अँथनी डॉसन' अशाच टोपणनावानं सिनेमे करायचा. दे मार्तिनो स्वतः 'मार्टिन हर्बर्ट' व्हायचा. बाहेरच्या बाजारात इंग्रजी नावं खपतात म्हणून. डेटाबेसमध्ये ही दोन डॉसन माणसं एकमेकांत मिसळलेली सापडतात, आणि मी स्वतः एका तक्त्यात ब्रिटिश नटाच्या नावावर एक इटालियन सिनेमा दिग्दर्शित म्हणून टाकला होता. मॅडमनी पकडला. नावावर विश्वास ठेवू नका, विशेषतः १९६० च्या रोममध्ये.

तर या नामावलीकडे परत. बाँड हे पात्र कोणाच्या तरी मालकीचं होतं. त्याच्या मालकीवरून त्याच दशकात कोर्टकज्जेही झाले. केविन मॅक्क्लोरी आणि फ्लेमिंग यांचा 'थंडरबॉल'वरचा दावा १९६३ मध्ये मिटला आणि त्यातून मॅक्क्लोरीला त्या कथेचे चित्रपट-हक्क मिळाले. म्हणजे 'बाँड' हे नाव घ्यायचं नाही, हे निर्मात्यांना पक्कं माहीत होतं. पण बर्नार्ड लीचा चेहरा बर्नार्ड लीचा आहे. लोइस मॅक्सवेलचं हसणं तिचंच आहे. आणि कॉनरी हे आडनाव नीलला जन्मानं मिळालेलं आहे, ते वापरायला कोणाची परवानगी लागणार? म्हणून सिनेमात नायकाचं नाव नील कॉनरी. त्याच्या प्रसिद्ध भावाला कोणी बाँड म्हणत नाही, आणि म्हणायची गरजही पडत नाही.

सिनेमाचं शीर्षक बघा. पात्राचं नाव चोरता येत नाही म्हणून नटाचं आडनाव शीर्षकात. माझ्या मते हा सिनेमा म्हणजे मालकीहक्काच्या कुंपणाचा नकाशा आहे. कुंपण कुठवर होतं ते या सिनेमाच्या पावलांवरून काढता येतं: तो बरोब्बर त्याच्या कडेकडेनं चालतो. कोर्टाच्या निकालपत्रात जे मिळणार नाही ते इथे आहे, म्हणजे त्या काळच्या व्यावसायिकाला कुंपण कुठे आहे असं वाटत होतं ते.

बरं, ही मंडळी या सिनेमात आली का? प्रतिष्ठेसाठी तर नक्कीच नाही. लोइस मॅक्सवेल यांनी पुढे सांगितलं होतं की या एका सिनेमाचे त्यांना जेवढे पैसे मिळाले, तेवढे तोवरच्या सगळ्या बाँडपटांचे मिळूनही मिळाले नव्हते. ही नंतर सांगितलेली आठवण आहे, करारपत्र नाही, तेव्हा आकड्यासारखी वापरू नका. पण ती एक दार उघडते. अधिकृत मालिकेत जग मनीपेनीला ओळखतं, आणि ती भूमिका करणारी बाई दर सिनेमाला थोडे दिवस काम करून थोडा मोबदला घेऊन घरी जाते. त्या ओळखीची बाजारात खरी किंमत किती, हे तिला नक्कल करणाऱ्यानं दाखवून दिलं. शॉन कॉनरी सुरुवातीला या दोघांवर खूप चिडला, विश्वासघात केला म्हणाला, हीसुद्धा मॅक्सवेल यांचीच आठवण. गंमत अशी की त्याच सुमारास शॉन स्वतःही बाँडच्या पैशांवरून आणि त्या पात्रात अडकण्यावरून निर्मात्यांवर नाराज होता आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'नंतर बाहेर पडला. म्हणजे नोकरदार एकमेकांवर रागावले होते आणि तक्रार मात्र एकच होती.

आता नील. तो सिनेमात कसा आला याची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी: कामाची अवजारं हरवली म्हणून त्याला नोकरीवरून काढलं. शॉन कॉनरीचा भाऊ म्हणून ती बातमी झाली, रेडिओवर मुलाखत झाली. बाँडपटांचा दिग्दर्शक टेरेन्स यंग यानं ती ऐकली, आवाज भावासारखा वाटला, आणि त्यानं साबातेल्लोकडे नाव पोचवलं. शूटिंग झालं. पण डबिंगच्या वेळी नील अपेंडिक्सच्या आजारपणात अडकला आणि इंग्रजी आवृत्तीत त्याला दुसऱ्याच कोणाचा, अमेरिकी वळणाचा आवाज लावला गेला.

पुन्हा वाचा. आवाजासाठी निवडलेला माणूस, आणि सिनेमात त्याचाच आवाज नाही. आणि पात्राची खुबी काय, तर ओठांवरून शब्द ओळखणं.

प्रेझेंटेशनमध्ये मी हा मुद्दा विनोद म्हणून मांडला आणि लोक हसलेही. पण तो विनोद एकट्या नीलचा नाही. इटालियन सिनेमा तेव्हा बहुतांश आवाजाविनाच शूट व्हायचा आणि आवाज मागाहून लावला जायचा. नट आपापल्या भाषेत बोलायचे. आणि 'अस्सल' बाँडपट याबाबतीत काही वेगळे नव्हते. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये बियांकीचा आवाज बियांकीचा नाही, बार्बरा जेफर्ड या ब्रिटिश अभिनेत्रीचा आहे. 'थंडरबॉल'मध्ये चेलीचा आवाज चेलीचा नाही, रॉबर्ट रिएटीचा आहे. ब्लोफेल्डचे हात डॉसनचे, आवाज एरिक पोलमनचा. चेली हा काही ऐरागैरा नट नव्हता. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या रंगभूमीवर त्यानं वर्षानुवर्षं दिग्दर्शक म्हणून काम केलेलं होतं. तरी इंग्रजी पडद्यावर त्याचा चेहरा चालला, उच्चार चालले नाहीत. मग 'डबिंग' हे वाईट सिनेमाचं लक्षण कसं ठरतं? महागात केलं तर कळत नाही, स्वस्तात केलं तर हसू येतं, एवढाच फरक.

आणि इथे मला मॅडमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर सापडलं. शॉन आणि नील एकाच घरातले. एडिंबरोचा फाउंटनब्रिज भाग, कामगार वस्ती. वडील ट्रक चालवायचे, आई साफसफाईची कामं करायची. शॉननं दूध घरोघरी पोचवलं, नौदलात गेला, शवपेट्यांना पॉलिश केलं. मग नाटकाच्या कोरसमध्ये, टीव्हीवर, छोट्या सिनेमांत अशी जवळजवळ दहा वर्षं काढली. आणि 'डॉ. नो' करताना टेरेन्स यंगनं त्याला हाताशी धरलं, आपल्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे, नेलं. सूट कसा घालायचा, कसं चालायचं, हॉटेलात कसं बसायचं, काय मागवायचं, हे शिकवलं. आपल्याला जो सहजपणा जन्मजात वाटतो तो वर्षांच्या कामाचा आणि दुसऱ्यानं गुंतवलेल्या वेळेचा परिणाम आहे. नीलला यातलं काहीच मिळालं नाही. काल भिंतीला प्लास्टर करत होता, आज कॅमेऱ्यासमोर मोंते कार्लोवाल्यासारखं उभं राहायचं. तो अवघडलेला दिसतो. हात कुठे ठेवायचे कळत नाही. आम्ही वर्गात हसलो ते त्या हातांना.

म्हणजे एका कामगार घरातल्या माणसाचं उच्चभ्रू दिसण्यात कमी पडणं बघून, पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात बसून, आम्ही हसत होतो. असं लिहिलं की ते फार जड वाटतं, मला मान्य आहे. आणि सिनेमा विनोदी आहेच, तो विनोदी नाही असा आव मी आणणार नाही. धनुष्यबाण आजही बघितले की मला हसू फुटतं. पण नीलचे हात आणि धनुष्यबाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शोधनिबंधात त्या वेगळ्या प्रकरणांत जायला हव्यात, एवढं मी ठरवलं.

हसण्याचाही इतिहास असतो, हे तर मी जवळपास विसरलेच होते. अमेरिकेत 'मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम होता. त्यात एक माणूस आणि दोन यंत्रमानव पहिल्या रांगेत सावल्यांसारखे बसून वाईट सिनेमांवर शेरे मारतात. १९९३ मध्ये त्यांनी 'ऑपरेशन डबल ००७' घेतला. आज इंटरनेटवर या सिनेमाविषयी जे बोललं जातं त्यातलं कितीतरी त्या भागातून आलेलं आहे. मीसुद्धा सिनेमा पहिल्यांदा त्यांच्या शेऱ्यांसकटच पाहिला होता, कार्यक्रमाच्या वेळेत बसवायला कापलेला. म्हणजे माझा 'प्राथमिक स्रोत' हा १९६७ चा सिनेमा नव्हता, १९९३ चा टीव्ही कार्यक्रम होता, आणि मी पहिल्या खर्ड्यात तसं लिहिलेलंही नव्हतं. तुमच्या विषयात असा मधला थर कोणता आहे ते आताच तपासा, व्हायवाच्या दिवशी नको.

जेफ्री स्कोन्स यांचा १९९५ चा 'पॅरासिनेमा'वरचा लेख इथे कामाला येतो. 'वाईट सिनेमा' हा प्रकार नसून वाचण्याची एक पद्धत आहे, आणि ती पद्धत वापरणारे बहुतेकदा शिकलेसवरलेले, प्रस्थापित अभिरुचीशी भांडण असलेले लोक असतात, असं ते म्हणतात. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो लेख दुसऱ्या कोणावर तरी लिहिलाय असं वाटलं होतं.

आता हमखास येणारा प्रश्न: "पण यात आपलं काय?" कमिटीत विचारतातच. ओढूनताणून संबंध जोडू नका असं मी सांगेन. पण एक धागा खरा आहे. त्याच १९६७ साली आपल्याकडे जितेंद्रचा 'फर्ज' आला, एजंट ११६. तो आदल्या वर्षीच्या तेलुगू 'गूढचारी ११६'वरून बनलेला. आपण पटकन म्हणतो, बाँडची नक्कल. पण ११६ च्या शेजारी ११७ आहे. ज्याँ ब्रूस या फ्रेंच लेखकाचा ओएसएस ११७ हा हेर १९४९ पासून छापला जात होता, आणि फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी १९५३ ची. हा फ्रेंच हेर १९६३ पासून पडद्यावरही जोरात होता. 'सगळं ००७ पासून सुरू झालं' हे गृहीतक धरून चाललात तर मद्रास-मुंबईपर्यंतचा हा वेगळा रस्ता दिसणारच नाही. त्यावर कोणी काम करत असेल तर पुण्यात फिल्म अर्काइव्ह आहे. पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिका मागा, सिनेमाच्या आधी त्या बघा. निर्मात्याला आपला माल काय म्हणून विकायचा होता ते तिथे कळतं.

इटलीतही हे सगळं खालच्या पातळीवर चाललं होतं आणि विद्वानांना पत्ता नव्हता, असं समजू नका. १९६५ मध्येच ओरेस्ते देल बुओनो आणि उंबेर्तो एको यांनी बाँडवर आख्खा लेखसंग्रह काढला. त्यात एकोनं फ्लेमिंगच्या कथा बुद्धिबळाच्या डावासारख्या उलगडून दाखवल्या: सोंगट्या ठरलेल्या, चाली ठरलेल्या, नायक आणि वरिष्ठ, नायक आणि खलनायक, नायक आणि स्त्री. तो लेख वाचून 'ओके कॉनरी' बघा. सगळ्या सोंगट्या पटावर आहेत, त्याही मूळ डबीतल्याच. लीचा वरिष्ठ, चेलीचा खलनायक, बियांकीची स्त्री. फक्त राजा बदललेला. सूत्र पूर्ण असूनही डाव रंगत नाही, म्हणजे सूत्राबाहेर काहीतरी होतं, आणि ते काय याचं उत्तर रचनावादात मिळत नाही. मला ते शिंप्याच्या दुकानात मिळालं, असं मी प्रकरणात लिहिलं आहे. मॅडमनी समासात प्रश्नचिन्ह काढलंय. बघू.

नीलनं पुढे १९६९ च्या 'द बॉडी स्टीलर्स'मध्ये एक भूमिका केली, आणखी किरकोळ काही, आणि तो परत एडिंबरोला आपल्या प्लास्टरच्या कामावर गेला. शॉन ऑक्टोबर २०२० मध्ये वारला, नील मे २०२१ मध्ये.

प्रकरण पक्कं करताना मी नीलचे प्रसंग आवाज बंद करून पाहिले. त्या अमेरिकी आवाजाशिवाय तो बराच बरा दिसतो. मारामारीत तर चांगलाच. संवादाच्या वेळी मात्र तो समोरच्याकडे बघत नाही, किंचित बाजूला बघतो, कोणीतरी कॅमेऱ्यामागे उभं राहून "आता बोल" म्हणून खूण करत असावं तसा. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्या नजरेवर दोन पानं आहेत.